नाव तुमचं, स्पेलिंग कुणाचं? पासपोर्ट-व्हिसाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात "पासपोर्ट-व्हिसाचे प्रश्न पाठवा" असं दोन ओळींत छापलं आणि मेलबॉक्स भरून वाहायला लागला. मी बावीस वर्षं ट्रॅव्हल कंपनीच्या व्हिसा डेस्कवर काढलीत, म्हणजे दूतावासात नोकरी वगैरे केली नाही, पण लोकांच्या फायली तिथे पोचवण्यात आणि काही चुकलं की दोन्हीकडून ऐकून घेण्यात बरंच आयुष्य गेलं. तर आलेले निम्म्याहून जास्त प्रश्न मुळात व्हिसाचे नाहीतच, नावाचे आणि जन्मतारखेचे आहेत. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडलांचं, मग आडनाव, लग्न झालं की मधलं बदलतं, शेवटचं बदलतं, काही घरांत तर पहिलंसुद्धा तांदळात लिहून बदलतात, आणि पासपोर्टवर रकाने दोनच, सरनेम आणि गिव्हन नेम. म्हणून नावांपासूनच सुरुवात करते.

ताई, आईच्या पासपोर्टवर सरनेमचा रकाना रिकामाच आहे, गिव्हन नेममध्ये नुसतं 'पार्वती'. बहीण दुबईला असते, तिने तिथून आईचा व्हिजिट व्हिसा काढायला घेतला तर एजंट म्हणतो सिंगल नेम चालत नाही. आई ६२ वर्षांची, शाळेत गेलेली नाही, तिच्यासाठी ईसीआरची (पासपोर्टवरच्या 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' शिक्क्याची) पण काही भानगड असते का? (सातारा)

एजंट खरं बोलतोय. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएईने नियम काढला की पासपोर्टवर नाव किंवा आडनाव यातलं एकच असेल तर व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसावर येऊ देणार नाही. नंतर थोडी सूट दिली, दुसऱ्या पानावर वडलांचं किंवा घराण्याचं नाव छापलेलं असेल तर बघू म्हणाले, पण आईला पहाटे तीन वाजता चेक-इन काउंटरवर उभं करून ही सूट तिथल्या पोराला समजावत बसायची तुमची तयारी आहे का? माझी नसती. सरळ री-इश्यूला टाका, अर्जात 'नावात बदल' हे कारण निवडा, आधार आणि पॅनवर आडनावासकट पूर्ण नाव आहे ना ते आधी बघा आणि नसेल तर पहिलं ते करून घ्या, नाहीतर पासपोर्ट केंद्रावरून हात हलवत परत याल. ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळमध्ये हवा असेल तर वर २०००. पतीचं नाव गिव्हन नेममध्ये घालायचं की नाही हा तुमचा प्रश्न, दोन्ही चालतं, फक्त एकदा जे ठरवाल तेच सगळीकडे ठेवा.

ईसीआरचं म्हणाल तर ती भानगड आईला लागू नाही. दहावी न झालेला माणूस नोकरीसाठी आखाती देश, मलेशिया, इंडोनेशिया वगैरे १८ देशांत निघाला की त्याला एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यातली ती तरतूद आहे आणि ती कामगारांना फसवू नये म्हणून आहे. लेकीकडे राहायला जाणाऱ्या आईला तिचा त्रास नाही, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना तसाही तो शिक्का लागत नाही.

माझं लग्न मागच्या महिन्यात झालं. पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे. नवऱ्याने हौसेने थायलंडची तिकिटं काढली ती सासरच्या नावाने. आता पासपोर्ट बदलू का? निघायला २४ दिवस आहेत. सासूबाई म्हणतात मॅरेज सर्टिफिकेटशिवाय जाऊच देत नाहीत. (सोलापूर)

अगं, पासपोर्टला हातसुद्धा लावू नकोस! तिकीट बदल. इमिग्रेशनचा माणूस तुझं लग्न झालंय का, कुणाशी झालंय, हे बघायला बसलेला नाही, पासपोर्टवर जे नाव छापलंय तेच तिकिटावर आहे का एवढंच बघायचं असतं आणि तेही आधी एअरलाइनवाले बघतात. माहेरच्या नावाचा पासपोर्ट पूर्ण वैध आहे, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्टच्या अर्जाला मॅरेज सर्टिफिकेट लावायची सक्तीसुद्धा डिसेंबर २०१६ पासून गेलीय. सासूबाईंना प्रेमाने सांग, वाद घालू नकोस, पहिलाच महिना आहे.

नवऱ्याला म्हणावं आजच एअरलाइनला फोन लाव. एक-दोन अक्षरांची चूक बहुतेक कंपन्या सुधारून देतात, पण पूर्ण आडनाव बदलायचं म्हणजे काही ठिकाणी तिकीट रद्द करून नवं घ्यावं लागतं, आणि जितका उशीर तितके पैसे जास्त. तिकीट हातात आलं की नाव बघून दचकू नकोस, 'सुनंदावसंतमिसेस' असं सगळं एका दमात चिकटवून छापतात, ती त्यांच्या कॉम्प्युटरची सवय आहे, चूक नाही. बघायचं ते अक्षरांचा क्रम आणि स्पेलिंग. वाय आहे की आय, डब्ल्यू आहे की व्ही, आणि 'शिंदे'मध्ये शेवटी ई आहे की नाही.

थायलंडला आपल्याला सध्या आधी व्हिसा काढावा लागत नाही, नोव्हेंबर २०२३ पासून ही सवलत आहे, तरी निघायच्या आठवड्यात त्यांच्या दूतावासाची साइट एकदा उघडून बघ, कारण अशा सवलती जशा येतात तशाच जातात. १ मे २०२५ पासून मात्र डिजिटल अरायव्हल कार्ड भरणं सक्तीचं आहे, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती चुकीची साइट, बंद कर.

माझी खरी जन्मतारीख घरात कुणालाच माहीत नाही. गुरुजींनी शाळेत १ जून घातली. आधारवर १ जानेवारी आहे, पॅनवर १ जून. मुलगा सिंगापूरला बोलावतोय. पासपोर्ट पहिल्यांदाच काढतोय, वय ५८. (लातूर)

काका, तुम्ही एकटे नाही! १ जूनला वाढदिवस असणाऱ्या मराठी माणसांचा मोर्चा काढला तर मुंबईत लोकल बंद पडतील. गुरुजींचं तरी काय चुकलं, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोरगं समोर उभं, बाप म्हणायचा मोठ्या पावसाच्या वर्षी झाला, आणि रजिस्टरचा रकाना तर रिकामा ठेवता येत नाही.

तारीख खरी कोणती हा प्रश्न सोडून द्या, तुमच्या सगळ्या कागदांवर एकच कोणती करता येईल हा प्रश्न धरा. शाळा सोडल्याचा दाखला आणि पॅन दोन्हींवर १ जून आहे ना, मग तीच धरायची आणि आधारवर दुरुस्त करून घ्यायची, दाखला घेऊन आधार केंद्रात जा. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी तुमच्या पिढीला जन्मदाखलाच पाहिजे असं नाही, शाळेचा दाखला, पॅन, लायसन्स, मतदार कार्ड, एलआयसीची पॉलिसी, यातलं एक चालतं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना मात्र जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही, हे आजोबा-आजी वाचत असतील त्यांनी नातवंडांसाठी लक्षात ठेवावं.

आणि आधार दुरुस्त होऊन हातात येईपर्यंत पासपोर्टचा अर्ज भरू नका. एकदा पासपोर्टवर तारीख छापली गेली की ती बदलणं म्हणजे मग खुलासे, आणखी पुरावे, परत चकरा. पहिल्या वेळी पंधरा दिवस थांबलेलं परवडतं. पोलीस व्हेरिफिकेशनला घरी कोणीतरी असू द्या, आणि पत्ता तुम्ही प्रत्यक्ष राहता तोच द्या, मुलाच्या पुण्याच्या फ्लॅटचा देऊन लातूरला राहिलात तर पोलीस 'येथे राहत नाहीत' असा शेरा मारतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

मुलीचं बाळंतपण आहे न्यू जर्सीला. आमचा दहा वर्षांचा अमेरिकेचा व्हिसा २०२८ पर्यंत आहे पण तो ज्या पासपोर्टवर आहे तो संपला, नवा आला, नव्यात चिप आहे म्हणतात. व्हिसा परत काढायचा का? आणि वर्षभर राहिलं तर चालेल का? बाळाला सांभाळायला कोणी नाही. (नाशिक रोड)

पासपोर्टच्या बाबतीत तुम्ही देशात सगळ्यात जवळचे, आपले सगळे पासपोर्ट तुमच्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्येच तर छापतात. चिपवाल्या ई-पासपोर्टची चाचणी १ एप्रिल २०२४ ला नागपूर आणि भुवनेश्वरपासून सुरू झाली आणि मग तो बाकीकडे आला. मुखपृष्ठावर खाली छोटंसं सोनेरी चिन्ह असतं तेच त्याची खूण. ज्यांच्याकडे जुना आहे त्यांनी घाईने बदलायची गरज नाही, मुदत संपेपर्यंत तो चालतो.

व्हिसा परत काढायचा नाही. जुना पासपोर्ट आणि नवा पासपोर्ट, दोन्ही बरोबर न्यायचे, जुन्यातला व्हिसा दाखवायचा आणि शिक्का नव्यावर. फक्त व्हिसाचं पान धडधाकट पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी नीटनेटकेपणाच्या भरात व्हिसाचं पान जुन्यातून ब्लेडने कापून नव्यात स्टेपल केलं होतं, आणि वर मला फोन करून विचारलं की लॅमिनेट पण करू का. तो व्हिसा तिथेच मेला. परत डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, परत १८५ डॉलर, परत मुलाखतीची तारीख, आणि मुलाखतीत "असं का केलंत" याला उत्तर नाही.

आता वर्षभर राहायचं. व्हिसा दहा वर्षांचा म्हणजे त्या दहा वर्षांत दारावर जाऊन उभं राहायची परवानगी, आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारण सहा महिने देतात. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते, ऑनलाइन बघता येते, पोचल्यावर दुसऱ्या दिवशी जावयाला सांगून त्याची प्रिंट काढा आणि फ्रीजवर चिकटवा. त्या तारखेच्या पुढे एक दिवस जरी राहिलात तरी तो व्हिसा आपोआप बाद होतो, मग २०२८ काय आणि २०३८ काय. सहा महिने राहून, पंधरा दिवस नाशिकला येऊन परत सहा महिने, असंही काहीजण करतात, पुढच्या वेळी अधिकारी विचारतो की तुम्ही राहता नक्की कुठे, आणि मग उलट्या पावली पाठवतो. शहाणपणाची वाटणी म्हणजे आधी तुम्ही जा, तुम्ही आलात की व्याही-विहीणबाई जातील, वर्ष निघतं. बऱ्याच घरांत असंच चालतं.

"का आलात" असं विचारलं तर जे खरं आहे ते सांगा, मुलीचं बाळंतपण आहे, नातवंड बघायला आलोय. कोणीतरी व्हॉट्सअॅपवर सांगितलं म्हणून "नायगारा बघायला" असं पाठ करून जाऊ नका, बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा निघाल्यावर नायगाऱ्याचं काय सांगणार?

आम्ही चौघं, मी, बायको, १३ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा. टूर कंपनीशिवाय स्वतः प्लॅन केलंय, पॅरिस ४ रात्री, स्वित्झर्लंड ५, इटली ३. व्हिसा कुठल्या देशाचा मागायचा? मित्र म्हणतो फ्रान्सचा, कारण आधी तिथे उतरतोय. लंडन पण करायची इच्छा आहे. (पुणे)

मित्राला अर्धाच नियम माहीत आहे. शेंगेन म्हणजे युरोपातल्या २९ देशांचा गट, सगळ्यांना मिळून व्हिसा एकच, पण अर्ज करायचा तो जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. तुमच्या पाच रात्री स्वित्झर्लंडला, तेव्हा स्वित्झर्लंडकडेच. रात्री सारख्याच असत्या तर मग 'पहिलं कुठे उतरतोय' हा नियम. फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय म्हणून कागदावर पॅरिसच्या दोन रात्री वाढवायच्या आणि व्हिसा आल्यावर हॉटेल बदलायचं, हे उद्योग करू नका, फाईल बघणारे रोज हेच बघतात.

फी मोठ्यांना ९० युरो, जून २०२४ पासून, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, म्हणजे मुलाचे अर्धे आणि मुलीचे पूर्ण. अर्ज घेणाऱ्या सेंटरची सर्व्हिस फी वेगळी. बाराच्या आतल्याचे बोटांचे ठसे घेत नाहीत. निघायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार असाल तर फेब्रुवारीतच लागा कारण अख्खं पुणं तेव्हाच निघतं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पाहिजे, इथे मुलांचे पासपोर्ट नीट बघा, ते पाचच वर्षांचे असतात आणि आईबापांच्या लक्षात आपल्यासारखे दहा राहतात. दर सीझनला माझ्या टेबलावर असं एक तरी कुटुंब यायचं, सगळं तयार, हॉटेल बुक, आणि धाकट्याचा पासपोर्ट संपलेला! इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.

बँक स्टेटमेंटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. सहा महिने खात्यात चाळीस-पन्नास हजार आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक काकांकडून आठ लाख, हे असं स्टेटमेंट पाठवू नका. पगाराच्या नोंदी दिसू द्या, एफडी असेल तर पावती जोडा, आणि एखादी मोठी रक्कम खरंच आली असेल, प्लॉट विकला, पीएफ आला, तर एका कागदावर दोन ओळींत लिहून पुरावा लावा. लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं चालतं. विमानाची तिकिटं व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येतील अशीच ठेवा.

लंडन शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, अपॉइंटमेंट वेगळी, आणि तोपर्यंत पासपोर्ट एकाकडे अडकलेला. या वेळी सोडून द्या. ही ट्रिप नीट करून आलात तर पुढचा शेंगेन व्हिसा सोपा जाईल, एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम आहे की तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे अनेकदा ये-जा करता येणारा, व्हिसा मिळू शकतो. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे नि फोटो घेऊन कॉम्प्युटरमध्ये नोंद करणं सुरू झालंय, त्यामुळे मुलांना "पासपोर्टवर शिक्का मिळेल" असं आश्वासन देऊ नका.

परदेशात पासपोर्ट हरवला तर आपला दूतावास नेमकं काय करतो? तिकीट काढून देतात का? (कोल्हापूर)

हे घरात घडलंय म्हणून सांगते. माझा धाकटा दीर आणि जाऊ इटलीला गेले होते, मिलानच्या स्टेशनवर तिकिटाच्या मशीनपाशी एक मुलगी मदत करायला आली, गोड बोलली, तिकीट काढून दिलं, आणि ती गेल्यावर दिराच्या कमरेचा पाऊच उघडा. दोनशे युरो आणि पासपोर्ट. शनिवार संध्याकाळ. जाऊबाई भक्कम, त्यांनी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स लोणच्याच्या बरणीबरोबर वेगळ्या पिशवीत ठेवल्या होत्या, त्या झेरॉक्सना तेलाचा वास येत होता पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

पहिलं काम पोलीस स्टेशन. इटलीत तक्रारीच्या कागदाला देनुन्चा म्हणतात, तो हातात आल्याशिवाय पुढे काही सरकत नाही, इंग्रजी येणारा पोलीस मिळेपर्यंत दोन तास गेले. मग सोमवारी सकाळी मिलानच्या भारतीय वाणिज्य दूतावासात, बरोबर देनुन्चा, तेलकट झेरॉक्स, दोन फोटो, भरलेला फॉर्म, फी. तिथे दोन पर्याय सांगतात. नवा पासपोर्ट, त्याला वेळ लागतो कारण भारतातून तपासणी होते, किंवा इमर्जन्सी सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट म्हणजे फक्त भारतात परत यायचा, एका फेरीचा कागद. पुढची ट्रिप संपली. दिराला मंगळवारी दुपारी ते मिळालं, व्हेनिस राहिलं ते राहिलंच, आणि व्हिसाही पासपोर्टबरोबर गेलेला असल्यामुळे इमिग्रेशनला देनुन्चा परत दाखवावा लागला. या कागदावर परत येताना शक्यतो मधे न बदलणारं विमान घ्या, तिसऱ्या देशात ट्रान्झिटला अडवू शकतात. घरी आल्यावर 'हरवलेला' म्हणून नव्या पासपोर्टचा अर्ज, ३६ पानीला ३००० रुपये. आणि हो, हरवल्याचं एकदा कळवलं की तो पासपोर्ट रद्द होतो, नंतर सोफ्याच्या फटीत सापडला तरी त्यावर प्रवास करायचा नाही.

तिकीट काढून देतात का, तर नाही. हॉटेलचं बिल भरत नाहीत, कोर्टात तुमच्या वतीने उभे राहत नाहीत, कोणाला तुरुंगातून सोडवून आणत नाहीत. काय करतात तर घरच्यांना कळवतात, वकिलांची यादी देतात, अटक झाली असेल तर भेटायला येतात. १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, त्याच्या ३६ व्या कलमानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला "माझ्या दूतावासाला कळवा" असं म्हणायचा हक्क आहे, आखातात काम करणाऱ्या प्रत्येक पोराला हे वाक्य पाठ पाहिजे. कोणी तिकडे वारलं तर मृतदेह आणायची कागदपत्रं दूतावासातूनच होतात, आणि खरंच पै नसलेल्या अडचणीतल्या माणसासाठी २००९ पासून एक कल्याण निधी आहे, पण तो पाकीट मारलेल्या पर्यटकासाठी नव्हे, पगार बुडवून मालकाने रस्त्यावर सोडलेल्या कामगारासाठी. तक्रार नोंदवायला २०१५ पासून 'मदद' नावाचं पोर्टल आहे, ते घरचे भारतात बसूनही वापरू शकतात.

माझे वडील १९५४ साली म्हापशात जन्मले. चुलतभाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेत. मीही काढला तर भारतीय पासपोर्ट ठेवता येतो का? तिथे गेल्यावर बघू असं एजंट म्हणतो. (म्हापसा, गोवा)

ठेवता येत नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगाल आपलं नागरिकत्व मागू देतं हे खरं, पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाहीच, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाखाली परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास केला तर दंड, मतदार यादीत नाव राहिलं तर तीही अडचण. रीतसर मार्ग म्हणजे भारतीय पासपोर्ट जमा करायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्डाचा अर्ज. गोव्यात बऱ्याच जणांना सरेंडरऐवजी पासपोर्ट रद्द केल्याचाच आदेश मिळाला आणि ओसीआय अडकलं, २०२४ मध्ये केंद्राने तो आदेशही ओसीआयसाठी चालेल असं सांगितल्यावर जरा वाट मोकळी झाली. ओसीआयवर येणं-जाणं-राहणं आयुष्यभर, पण मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि ज्या इंग्लंडच्या आशेने सगळे निघतात, तिथे ब्रेक्झिटनंतर पोर्तुगीज पासपोर्टवर नव्याने जाणाऱ्याला काम करायला व्हिसा लागतो, चुलतभाऊ बहुतेक आधी पोचलेत. नुसती लिस्बनमध्ये जन्मनोंद केली तर नागरिकत्व जातं की नाही यावर वाद आहेत, तो प्रश्न एजंटला नाही, वकिलाला विचारा, सही करायच्या आधी.

आता छोटे-छोटे.

नेपाळला विमानाने जातोय, आधार चालेल ना? (जळगाव) तुमचं वय १५ ते ६५ मध्ये असेल तर नाही. पासपोर्ट किंवा मतदार कार्ड न्या. पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्यांना फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र, आधारसकट, चालतं. भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार कार्ड, आणि तिथे माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क आहे, ते बजेटमध्ये धरा.

केनियाला मसाई मारा बघायला चाललोय, पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते का? (ठाणे) घ्या. परत येताना आपलंच सरकार मागतं, कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच, गल्लीतल्या दवाखान्यात नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

डिग्रीवर अपोस्टिल केलं, तरी दुबईची कंपनी म्हणते चालत नाही. (नांदेड) अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, तो त्या करारातल्या देशांतच चालतो, आणि यूएई त्या करारात नाही. स्पेनला जाणार असतात तर तेवढ्यावर भागलं असतं. दुबईसाठी राज्याचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग यूएईच्या दूतावासाचं अटेस्टेशन, याच क्रमाने.

शेतीच्या बांधावरून झालेल्या मारामारीची केस कोर्टात चालू आहे. पासपोर्ट मिळेल? (बीड) मिळू शकतो, पण ज्या कोर्टात केस आहे त्याची परवानगी आणावी लागते, २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना आहे. कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर एक वर्षाचाच मिळतो, म्हणून वकिलांना अर्जातच जास्त मुदत मागायला सांगा. अर्जात केस लपवू नका, पोलीस व्हेरिफिकेशनला ती पहिली बाहेर येते.

माझ्या चार वर्षांच्या मुलीने माझ्या पासपोर्टच्या दोन पानांवर स्केचपेनने हत्ती काढलाय. व्हिसाची पानं आहेत, फोटोचं पान ठीक आहे. चालेल का? पुढच्या महिन्यात सिंगापूर. (डोंबिवली) तुम्ही फोटो जोडला होतात तो बघितला, हत्ती खरंच छान आलाय, सोंड विशेष. पण चालणार नाही, काउंटरवरच्याने 'डॅमेज्ड' म्हटलं की विमान गेलं. खराब झालेला म्हणून री-इश्यूला टाका, ३००० रुपये आणि तत्काळचे २०००, जुना बरोबर न्या, आणि नवा आल्यावरच सिंगापूरच्या व्हिसाचा अर्ज करा कारण तो नव्या नंबरवर लागेल. जुना पासपोर्ट रद्द करून बहुधा तुम्हाला परत देतात, तो मुलीसाठी ठेवून द्या, नवा मात्र कपाटाच्या वरच्या खणात.